काळ्या छत्रीतल्या अठ्ठेचाळीस फ्रेम

इब्राहिमभाई आमच्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहून लांब लाकडी पट्टीने एक पत्र्याचा डबा आत सरकवत होते. स्टुडिओ त्यांचा, भाडं तेच भरत, पण सहा वर्षांत त्या दाराच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"ताई, ही रिळं तुमच्याकडं," ते म्हणाले. "मी पहिले दोन फूट बघितले. बायका पोहायच्या कपड्यात आहेत. म्हणजे लेडीज सेक्शन."

"कुठल्या लग्नात बायका पोहायला लागल्या?"

"लग्न नाय ओ, बोट आहे. साठ वर्षांपूर्वीची. पण रूल म्हणजे रूल."

रूल असा होता. शारजातल्या लग्नांत बायकांचा हॉल वेगळा. तिथे शूटिंग करणारी बाई, एडिट करणारीही बाईच. कॅसेट सीलबंद पिशवीतून यायची, आमच्या खोलीत उघडायची आणि पुन्हा सील होऊनच बाहेर जायची. एखाद्या पुरुषाने ती पाहिली असं नुसतं कानावर गेलं असतं तरी आमचा धंदा बसला असता. म्हणून इब्राहिमभाई, मूळचे रत्नागिरीचे, तोंडाने फटकळ पण शब्दाला पक्के, आपल्याच खोलीच्या बाहेर उभे राहून माझ्याशी बोलत.

मी त्या खोलीची इनचार्ज. त्याआधी नऊ वर्षं मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कटर होते. सिनेमाची मूळ फिल्म एकच असते. ती एडिटरने ठरवलेल्या जागी कापून जोडायची, हे निगेटिव्ह कटरचं काम. चुकीच्या फ्रेमवर कात्री चालली की खलास. नऊ वर्षांत माझी एकदाही चालली नाही, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. मग नवऱ्याला दुबईत नोकरी लागली, आम्ही शारजातल्या अल नहदाला फ्लॅट घेतला आणि मी हिंदी सिनेमातून उचलून लग्नाच्या व्हिडिओत आले. फिल्मला हात लावून बरीच वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सगळं कॅसेटवर चालायचं.

डबा उघडला तर व्हिनेगरचा वास आला. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की असाच वास येतो. अशी फिल्म आकसतेही. मग तिच्या कडेची भोकं एकमेकांच्या जवळ येतात, प्रोजेक्टरचे दात त्यांत नीट बसत नाहीत आणि फिल्म फाडत जातात. मी पांढरे हातमोजे चढवले, एक टोक उजेडात धरलं आणि खरं सांगते, माहेरी आल्यासारखं वाटलं.

गिऱ्हाईक बाहेर रिसेप्शनमध्ये बसलं होतं. रॉबर्ट नावाचा ऑस्ट्रेलियन, साठी ओलांडलेला, रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात भट्टीचा कन्सल्टंट. बुटांवर सिमेंटची पूड तशीच होती. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत सांगते.

"पाच रिळं आहेत," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी काढलेली. आम्ही व्हिएन्नाचे ज्यू. महायुद्धाच्या आधी आम्हाला तिथून निघावं लागलं. इटलीत त्रिएस्तच्या बंदरात बोट धरली. सुवेझ, एडन, मुंबई करत ऑस्ट्रेलियाला पोचलो. मी तीन वर्षांचा होतो. मला काहीच आठवत नाही."

"बोट मुंबईला लागली होती?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"दोन दिवस होती."

"माझा आजोबा बोटीवर होता. इंजिनरूममध्ये कोळसा मारायचा," इब्राहिमभाई म्हणाले. "घरदार सोडून बोटीत बसणं काय असतं ते आमच्या गावाला विचारा." आणि त्यांनी चहा सांगितला. नवीन गिऱ्हाईकाला ते सहसा पाण्यावर भागवत.

रॉबर्टला चार रिळांची काळजी नव्हती. त्याचा जीव पाचव्यात अडकला होता.

"आईची धाकटी बहीण ट्रूडी आम्हाला बंदरापर्यंत पोचवायला आली होती," तो म्हणाला. "तिचे कागद व्हायचे होते. ती पुढच्या बोटीने यायची होती. आली नाही. त्या घरातलं कुणीच वाचलं नाही. आईकडे ट्रूडीचा एक फोटोही नाही. पण बाबांनी बंदरावर तिची फिल्म घेतली, हे आईला पक्कं आठवतं. ती म्हणते, पाचव्या रिळात ट्रूडी आहे."

"मग अडचण काय?"

"मेलबर्नच्या दोन लॅबनी ते रीळ खराब म्हणून परत दिलं. आणि आईची नजर चालली आहे. समोरचं सगळं काळं दिसतं, कडेकडेने थोडं कळतं. तेवढंही काही महिनेच टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. शुक्रवारी मी तिच्याकडे जातोय. आता नाही तर मग नाहीच."

त्या दिवशी शनिवार होता.

"होऊन जाईल," मी म्हटलं.

"इन्शाल्ला," इब्राहिमभाईंनी जोडलं. मला ते जोडायची काही गरज वाटली नव्हती.

पहिली चार रिळं सुतासारखी सरळ गेली. आमच्याकडे एक जुना आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता. त्याचं चित्र आरशातून एका छोट्या काचेवर पाडायचं आणि समोर व्हिडिओ कॅमेरा लावून रेकॉर्ड करायचं, एवढंच तंत्र. मी प्रोजेक्टरचा स्पीड निम्म्यावर आणला आणि हाताने फिल्म सोडत राहिले. डेकवर ताडपत्रीचा पोहण्याचा हौद, त्यात त्या सुप्रसिद्ध बायका, गळ्यापासून मांडीपर्यंत झाकलेल्या. आमच्या खोलीतल्या पोरी हसून हसून बेजार झाल्या. तीन वर्षांचा रॉबर्ट डेकवर धावतोय, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक आईच्या मनगटाला. घर गेलं, गाव गेलं, आता निदान पोरगं समुद्रात जाऊ नये, एवढाच तिचा बंदोबस्त. ते बघून माझं हसू गेलं.

मग पाचवं रीळ. ते मी आधी उजेडावर धरून पाहिलं आणि दोष लगेच कळला.

त्या काळची हौशी फिल्म कॅसेटसारखी दोन बाजूंनी चालायची. एक बाजू संपली की स्पूल, म्हणजे फिल्मची फिरकी, उलटी घालायची, दुसरी बाजू शूट करायची. नंतर लॅब ती फिल्म मधोमध उभी चिरून एकामागे एक जोडायची. गोम अशी की दोन्ही बाजू संपल्या की फिल्म आपल्या मूळ स्पूलवर परत येते आणि अगदी नव्यासारखी दिसते. रॉबर्टच्या वडिलांनी त्रिएस्तमध्ये स्पूल पूर्ण शूट केली, निघायच्या धांदलीत परत डबीत ठेवली आणि मुंबईत तीच नवी म्हणून कॅमेऱ्यात घातली. कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड केलं तर जुनं पुसतं. फिल्मवर पुसत नाही. नवं चित्र जुन्याच्या डोक्यावर बसतं. त्रिएस्तच्या बंदरावर मुंबईचं बंदर बसलं होतं आणि दोन्ही उन्हात धुऊन निघाली होती.

फिल्म भयंकर आकसलेली. एकदाच चालवता येणार, हे उघड होतं. मंगळवारी मी ती चालवली. काचेवर सगळं पांढुरकं. एका माणसाच्या छातीतून क्रेन जातेय, हमालाच्या डोक्यावरच्या ट्रंकेतून इटालियन पोलीस चालतोय. मध्येच दातांनी भोकं फाडली. मी प्रोजेक्टर थांबवला, फिल्म सोडवली, पुढे नेली. चार मिनिटांच्या फिल्मला दोन तास लागले. मी स्वतःवर खूश होते.

बुधवारी सकाळी रॉबर्ट आला. लेडीज सेक्शनमध्ये त्याला प्रवेश नाही, म्हणून इब्राहिमभाईंच्या केबिनमध्ये टीव्ही लावला. चार रिळं त्याने शांतपणे पाहिली. पाचव्याला तो खुर्चीच्या टोकावर आला. पांढुरक्या गर्दीत मोठ्या काठाची एक टोपी दिसली. खाली चेहऱ्याच्या जागी मुंबईचं आकाश. टोपी कॅमेऱ्याकडे येत होती, मोठी होत होती. मग चित्राने एक उडी मारली आणि टोपी नाहीशी झाली. उरलं ते नुसतं बंदर.

"आई म्हणाली होती, टोपी होती," रॉबर्ट म्हणाला. मग म्हणाला, "निदान टोपी तरी मिळाली. थँक यू. तुम्ही खूप मेहनत घेतलीत."

मला त्याचं ते शहाणपण सहन होईना. आणि ती उडी डोक्यात खटकत होती. फिल्म कुणी मध्ये कापलेली नव्हती, जोड नव्हता, हे मी हाताने तपासलं होतं. मग चित्र उडी का मारेल?

उडी फिल्मची नव्हतीच. माझी होती.

लग्नाच्या शूटिंगमध्ये हमखास एखादी मावशी कॅमेऱ्यासमोर पाठ करून उभी राहते. सगळा स्क्रीन काळा. आमच्या खोलीत अशा शॉटला नावच पडलं होतं, 'मावशी'. कॅसेटवरून कॉपी करताना मावशी आली की बोट आपोआप पॉजवर जायचं. ती गेली की पुन्हा रेकॉर्ड. सहा वर्षं मी हे करत होते. मंगळवारी काचेवर काहीतरी मोठं काळं आलं आणि माझ्या बोटाने विचारलंसुद्धा नाही. मी नजर पॉजच्या बटणाकडे वळवली होती. काळ्यात काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

मी केबिनबाहेर आले. इब्राहिमभाई मागोमाग आले.

"काय झालं, ताई?"

"मी पॉज दाबला. मावशी समजून. तीन-चार सेकंद गेले."

त्यांनी केबिनकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगायचं कशाला? दोन लॅबनी नाय सांगितलं, तिसरी आपण. माणूस टोपीवर राजी आहे. उद्या अकरा लग्नांची डिलिव्हरी आहे."

"लग्नं परत बघता येतील," मी म्हटलं. "नवरा-नवरी जिवंत आहेत."

मी आत जाऊन फिल्म लाइट टेबलवर पसरली, म्हणजे खालून दिवे असलेल्या काचेच्या टेबलावर, आणि डोळ्याला भिंग लावलं. आठ मिलिमीटरची एक फ्रेम तुरीच्या दाण्याएवढी असते. टोपी सापडली. तिच्यापुढे ते काळं आलं.

ती छत्री होती. मुंबईचा कुणी धोतर-कोटातला गृहस्थ, उन्हासाठी काळी छत्री धरलेला, गोरा साहेब कॅमेरा चालवतोय म्हटल्यावर नेमका लेन्ससमोर आला होता. छत्रीने अर्धी फ्रेम झाकली होती. आणि त्या काळ्या छत्रीत एका मुलीचा स्वच्छ चेहरा होता.

कारण साधं आहे. काळ्या वस्तूवरून प्रकाश येत नाही. जिथे छत्री होती तिथे मुंबईने फिल्मवर काहीच लिहिलं नव्हतं. तिथे त्रिएस्त जसंच्या तसं शिल्लक होतं. हे मला, नऊ वर्षं फिल्मवर काढलेल्या बाईला, बटण दाबायच्या आधी सुचायला हवं होतं. मला माझी लाज वाटली.

मी बाहेर जाऊन रॉबर्टला सरळ सांगितलं. "माझी चूक झाली. तुमची मावशी रिळात आहे. मी तिला गाळलं."

तो उठून सरळ आमच्या दाराकडे निघाला. इब्राहिमभाई आडवे आले.

"सॉरी, सर. आत नाय."

"माझी मावशी आत आहे," रॉबर्ट म्हणाला.

इब्राहिमभाई क्षणभर घोटाळले. मग मला म्हणाले, "ताई, टेबल बाहेर आणा. यल्ला, चला लवकर." आम्ही तिघी-चौघींनी लाइट टेबल उचलून रिसेप्शनमध्ये आणलं. माणूस आत गेला नाही, टेबल बाहेर आलं. रूल राहिला.

रॉबर्टला भिंग धरता येत नव्हतं, मी धरलं. तो बराच वेळ वाकून होता.

"ती काहीतरी खातेय," तो म्हणाला. "तिच्या तोंडात घास आहे."

मग इब्राहिमभाईंनी पाहिलं. "हा छत्रीवाला शंभर टक्के आपला," ते म्हणाले. "कॅमेरा दिसला की पुढं येणारच." आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले.

आता प्रश्न असा की हे टेपवर घ्यायचं कसं? फाटलेली भोकं नेमकी याच जागेच्या आसपास होती. प्रोजेक्टरमध्ये पुन्हा घातली असती तर ट्रूडी दातांत गेली असती. मी इब्राहिमभाईंना सांगितलं, उद्या दुपारपर्यंत मला लग्नाचं काम नाही. त्यांनी हो-नाही न करता अकरा पार्ट्यांना स्वतः फोन केले. प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं. एकाला वीज गेल्याचं सांगितलं आणि बिचाऱ्याचं दुकान शेजारच्याच बिल्डिंगमध्ये होतं.

मी काळ्या पुठ्ठ्याला एका फ्रेमएवढी खिडकी कापली. तिच्या बाजूला शिवणाच्या दोन सुया उभ्या रोवल्या. आकसलेल्या फिल्मची भोकं त्या सुयांवर अलगद बसवायची, वरून कॅमेऱ्याने क्लोजअप घ्यायचा, फिल्म उचलायची, पुढची फ्रेम. यंत्राच्या दातांना फिल्मची दया नसते. सुईला माझा हात होता. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर मी फक्त छत्रीसाठी लावलं, बाकी चित्र जळून पांढरं झालं तरी बेहत्तर. छत्रीत चेहरा असलेल्या एकूण अठ्ठेचाळीस फ्रेम होत्या. त्या वेगाने तीन सेकंद.

त्या दिवशी दुपारभर एकवीस फ्रेम झाल्या. गुरुवारी सकाळी आठला बसून उरलेल्या सत्तावीस. एकही फ्रेम फाटली नाही. हे मी पुन्हा भेटेल त्याला ऐकवायला मोकळी झाले.

मग कॉम्प्युटरवर छत्री एवढी मोठी केली की टीव्हीभर नुसता चेहरा उरला. रॉबर्टने सांगितलेलं आठवलं, आईला समोर दिसत नाही, कडेने दिसतं. म्हणून तोच चेहरा एकदा मधोमध ठेवला, एकदा स्क्रीनच्या डाव्या कडेला, एकदा उजव्या. प्रत्येक फ्रेम अर्धा सेकंद धरली. तीन सेकंदांची ट्रूडी दर खेपेला चोवीस सेकंदांची झाली. कॅमेऱ्याकडे चालत येते, हातात पावाचा तुकडा, तोंडात घास. हसू येतं, तोंड उघडता येत नाही. मग हात पुढे करून लेन्स झाकायला जाते. संपलं.

माझी मुलगी शाळेतून परस्पर स्टुडिओत यायची. तिने मागून पाहिलं.

"आई, हू इज शी?"

"एका काकांची मावशी."

"शी लुक्स लाइक शी इज गोइंग टू चोक," ती म्हणाली आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली.

गुरुवारी दुपारी रॉबर्ट कॅसेट घेऊन गेला. त्याने माझे दोन्ही हात धरले. इब्राहिमभाईंनी त्याच्या रिळांच्या डब्यावर 'फ्रॅजाइल'चे इतके स्टिकर लावले की पत्रा दिसेना.

तीन आठवड्यांनी मेलबर्नहून स्टुडिओवर फोन आला. इब्राहिमभाईंनी पट्टीने रिसीव्हर आत ढकलला असता, पण वायर पुरली नाही. मी बाहेर येऊन घेतला.

"आईने पाहिलं," रॉबर्ट म्हणाला. "डाव्या बाजूच्यात दिसलं. टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसली होती, मान वळवून."

"काय म्हणाल्या?"

"रागावली. म्हणाली, हा पाव मी तिला आगगाडीत खा म्हणून दिला होता. तेव्हा भूक नाही म्हणाली. मी बोटीत बसून सबंध प्रवास काळजी करत राहिले की ही उपाशी परत गेली." तो म्हणाला, "साठ वर्षं ती हेच म्हणत होती, ट्रूडी उपाशी गेली. ते पाहिल्यापासून म्हणत नाही. परवा म्हणाली, खाल्लं बाई तिने."

मला रिसेप्शनमध्ये, चार गिऱ्हाइकांसमोर, रडू आलं. आवरलं नाही.

"आणि ती विचारतेय, छत्रीवाला कोण?" रॉबर्ट म्हणाला. "तिला त्याचे आभार मानायचे आहेत."

छत्रीवाला कोण ते मला माहीत नाही. फोटोत घुसणारा एक मुंबईकर, एवढंच सांगता आलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या खोलीत पॉजच्या बटणावर चिकटपट्टी लावली. पोरींनी कुरकुर केली, कॉपीला दुप्पट वेळ लागायला लागला, इब्राहिमभाई दाराबाहेरून ओरडले. मी ऐकलं नाही. मावशी आली की आमच्याकडे ती आता पूर्ण बघितली जाते. कापायची असली तर नंतर, पार्टीला विचारून. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ती नुसती पाठच असते.